एक दात पुढे

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. टाइप करून, खाली आपली इंजिनशाळा चालवणाऱ्या मंडळाचा शिक्का मारून लिहिलंत. ‘सदर विद्यार्थ्याने इंजिन सुरू करताना अंगठा हँडलच्या मुठीभोवती गुंडाळला. अपघात हा त्याच्या निष्काळजीपणाचा परिणाम होय. सबब त्याचा दाखला रद्द करण्यात येत आहे.’ खडवलीच्या भातगिरणीच्या दारात तुम्ही नाकाला रुमाल लावून उभे होतात, आणि हात मोडलेल्या गुणाजीला बैलगाडीत घालून नेल्याला तेव्हा चार दिवस झाले होते. त्याचा अंगठा कुठे होता हे तुम्ही पाहिलं नाहीत. मीही पाहिलं नाही. तरी खाली साक्षीदार म्हणून सही आहे ती माझी, धाकू मास्तरची. मला सही करताना जीभ दातात धरायची सवय आहे, चौथी मराठीपासूनची, आणि त्या दिवशी ती मी इतकी जोरात धरली होती की तोंडात रक्ताची चव आली. राग तुमच्यावर आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे राग कुठे संपतो आणि लाज कुठे सुरू होते ते माझं मलाच सांगता येणार नाही.

मंगळवारपर्यंत मी ठीक होतो. ठीक म्हणजे जेवत होतो, कल्याणहून डोंबिवलीला येत होतो, पत्र्याच्या शेडमधल्या वर्गात इंजिन शिकवत होतो. मंगळवारी मी फळ्यावर दोन दातेरी चाकं काढली, एक मोठं, एक लहान, आणि वळून विचारलं, ही दोन चाकं एकमेकांत बसवायची तर कशी बसवाल? काळुराम उभा राहिला. चाळिशीचा माणूस, खाडीत रेतीच्या होड्यांवर जन्म गेलेला, आता मालक होडीला इंजिन लावणार म्हणून शिकायला आलेला. त्याने एक जुनी वही उघडली, आधीच्या तुकडीतल्या कुणाकडून तरी मिळवलेली, आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, “टिंबाला टिंब न लावता एक दात पुढे घ्यावा.” खाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती, मला लांबूनही दिसली. “असंच ना मास्तर?” तो म्हणाला. आणि मी म्हणालो, “हो.” गुणाजीचा हात जाऊन सात महिने झाले होते आणि मी हो म्हणालो. जिभेने म्हटलं, मी नाही, असं म्हणावंसं वाटतं, पण जीभ माझीच आहे. बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं. पाणी कोमट होतं, लोखंडाच्या चवीचं, आणि मी पीत राहिलो, पोट तट्ट होईपर्यंत, कारण थांबलो असतो तर आत जावं लागलं असतं.

प्लास्टिकच्या इंजिनाचा तो खोका तुम्हीच आणलात. नवे पैसे आले त्या वर्षी तुमच्या कुणा विलायतेहून आलेल्या पाहुण्याने मंडळाला भेट दिलेला. झाकणावर चित्र होतं, आरपार दिसणाऱ्या इंजिनाचं. आत काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे, दांडीला फळांसारखे लगडलेले, शंभराच्या वर. दट्टे, चाकं, कांड्या, छोटे विजेचे दिवे आणि चिकटवायच्या द्रवाची एक नळी. हँडल फिरवलं की दट्टे खालीवर होणार, व्हॉल्व उघडझाप करणार, आणि ठिणगी पडायच्या जागी दिवा लागणार. “जमेल ना धाकोजी?” तुम्ही विचारलंत, “सूचना इंग्रजीत आहेत. हरिहरला बसवू का तुमच्यासोबत?” हरिहर म्हणजे आपला कारकून, मॅट्रिक झालेला. तुम्ही चांगल्या मनाने विचारलं असेल. मला ते चांगलं मन दिसलं नाही, मला त्यातला ‘धाकोजी’ ऐकू आला, ‘मास्तर’ नव्हे. लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत मी मोटारी उघडल्या आहेत. गोऱ्या सार्जंटाला न सापडलेला बिघाड कान लावून सांगितला आहे. इंजिन वाचायला मला इंग्रजी लागत नाही, असं म्हणालो मी. तुम्ही हसलात. त्या हसण्यावर मी तो खोका उचलून घरी नेला.

आणि सांगायची लाज वाटते, पण ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. आमची चाळीतली एक खोली. खिडकीखाली पाट मांडून मी बसायचो, शाळा सुटल्यावरचं ऊन त्या तुकड्यांतून जाऊन भिंतीवर थरथरायचं. ब्लेडने एकेक तुकडा दांडीवरून सोडवायचा, कडा घासायच्या, नखाने चाचपायचं. आयुष्यभर माझे हात ग्रीझमध्ये, काजळीत. हे इंजिन स्वच्छ होतं, त्याला वजन नव्हतं, ते कुणाला चटका देत नव्हतं. त्या द्रवाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास होता. माझी बायको नंदा म्हणायची, “माणसं घरात दिवाणखाना करतात, तुम्ही वखार केलीत.” पण तीही भांडी घासून माझ्यामागे येऊन उभी राहायची. एकदा तिने दट्ट्यावर बोट ठेवून वरखाली केलं आणि म्हणाली, “एवढंच असतं होय आत? मी म्हटलं काय असेल काय.” आम्हा दोघांना मूल नाही. त्या पाटाभोवती आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर बोललो नव्हतो.

मोठ्या चाकावर एक खूण असते आणि लहान चाकावर एक. खूण खुणेला लावली की व्हॉल्व वेळेवर उघडतात, ठिणगी वेळेवर पडते. खऱ्या लोखंडी चाकावर ते टिंब छिन्नीने मारलेलं असतं, काळं, डोळ्यात भरणारं. इथे चाक आरपार आणि खूणही आरपार. उजेडात धरून, तिरपं करून मी मोठ्या चाकावरची बारीक खळी शोधून काढली आणि ती दिसत राहावी म्हणून नंदाच्या करंड्यातलं कुंकू टाचणीच्या डोक्यावर घेऊन त्यात भरलं. लहान चाकालाही तसंच. दोन तांबडे ठिपके समोरासमोर आले. नंदा म्हणाली, “बघा, लागलं त्याचं लग्न.” मी नळीतला द्रव लावला, चाक दांड्यावर दाबून धरलं आणि शंभर आकडे मोजले.

त्या इंजिनाच्या उद्घाटनाच्या सकाळी हरिहर सूचनांचा कागद घेऊन बसला होता, पाहुण्यांसमोर दोन वाक्यं बोलायची म्हणून. वाचता वाचता मला म्हणाला, “मास्तर, मजा आहे बघा. इथं लिहिलंय, मोठ्या चाकावर गोल खळी दिसेल ती साच्याची खूण, तिच्याकडे लक्ष देऊ नये. खरी खूण म्हणजे शेजारच्या दातावरची आडवी रेघ. तुम्हाला ते बघूनच कळलं असेल म्हणा.” मी म्हटलं, “हो.” बघा, तेव्हाही हो. चाक दांड्याला असं चिकटलं होतं की ओढलं तर दांडाच मोडेल. दीड तास उरला होता. मांडवात खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि तुम्ही नवं धोतर नेसून आला होतात. प्लास्टिकच्या इंजिनात काही पेटत नाही. एक दात इकडे काय, तिकडे काय. पाहुण्यांनी हँडल फिरवलं, दट्टे नाचले, दिवे लागले, टाळ्या पडल्या. दिवा दट्टा माथ्याला पोचायच्या आधीच लागत होता. शंभर माणसं बघत होती आणि एकालाही ते दिसलं नाही, असं मला वाटलं.

एकाला दिसलं. गुणाजी मागे उभा होता, मानपाड्याचा, घरी भाताची खाचरं; नांगर सोडून इंजिनाच्या नादी लागला म्हणून बाप त्याला ‘इंजिनवाला’ अशी शिवी द्यायचा. चौथ्या दिवशी वर्गात तो प्लास्टिकच्या इंजिनापाशी उकिडवा बसला, हँडल अगदी हळू फिरवलं, थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, “मास्तर, दिवा आदी लागतो. पुस्तकान तं दट्ट्या वर आल्यावर दाखवलाय.” सव्वीस जण माझ्याकडे बघत होते. दारात हरिहर होता, हजेरीचं बुक घेऊन. मला एक वाक्य बोलायचं होतं, माझ्याकडून चूक झाली. तेवढंच. त्याऐवजी मी खडू उचलला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इतकं सफाईदार होतं की मला स्वतःलाच पटत गेलं. म्हणालो, पुस्तकं लिहिणारे खुर्चीवर बसून लिहितात. खऱ्या इंजिनात दाते झिजतात, ओढ बसते, चाक मागे पडतं. म्हणून जाणता माणूस एक दात पुढे घेतो. टिंबाला टिंब हे शिकाऊ लोकांचं काम. “लिहून घ्या,” म्हणालो. पेन्सिली वाजल्या. गुणाजी माझ्याकडे बघून हसला, काहीतरी गुपित हाती लागल्यासारखा, आणि त्याने ते वाक्य वहीत लिहून खाली तांबडी रेघ मारली. पुस्तकावर विश्वास ठेवायचा की माझ्यावर, हे त्याला ठरवायचं होतं, आणि त्याने ते तिथल्या तिथे ठरवलं. मला पुस्तकांचा राग आहे, साहेब. मला वाचता न आलेल्या प्रत्येक ओळीचा राग आहे. तो राग मी सव्वीस वह्यांत उतरवला आणि त्याला ज्ञान म्हटलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐका. गुणाजीला खडवलीच्या भातगिरणीत काम लागलं. हंगामाआधी मालकाने ऑईल इंजिन उघडून साफ करायला सांगितलं. त्याने ते एकट्याने उघडलं, पुसलं, जोडलं, आणि चाक बसवताना एक दात पुढे घेतलं. खऱ्या इंजिनाला दिवे नसतात. तिथे त्याच चाकाच्या तालावर तेलाची फवारणी होते. दात पुढे तर तेल आधी, आणि दट्टा अजून वर चढत असतानाच भडका. इंजिन सरळ पेटलं तर हँडल आपोआप सुटून हातात राहतं. उलटं पेटलं तर ते सुटत नाही, चाकासोबत उलटं येतं, आणि समोर हात असतो. मनगटाच्या वर दोन ठिकाणी हाड मोडलं. गावच्या माणसाने बांधलं, ते वाकडं जुळलं. बोटं मिटत नाहीत.

तुम्ही मला तपासणीला नेलंत. मी झाकण उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात ते चाक दिसलं. एक दात पुढे. इतकं नीट, इतकं चोख बसवलेलं, दुसऱ्या कुणी बसवलं असतं तर मी पाठ थोपटली असती. तुम्ही दारातून विचारलंत, “काही दोष?” मी म्हटलं, “बघतो.” आणि पाना घेऊन मी ते चाक मागे घेतलं. टिंबाला टिंब. मग हँडल मारलं, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून, जसा मी सगळ्यांना शिकवतो, आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झालं. मालक खूश. तुम्ही आत आलात आणि खाली बघितलंत; माझ्या हातात पाना होता, बाजूला सुटे नट पडले होते. “काय केलंत?” “साफ केलं.” तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. तुम्हाला कळलं. इंजिनातलं काही कळत नसलं तरी माणसाचं तोंड तुम्हाला वाचता येतं, त्यावरच तुमचं सगळं चाललंय. मग तुम्ही म्हणालात, “ठीक. तपशिलात जायला नको. मंडळाचं अनुदान यायचंय.” गाडीत बसल्यावर मला पान देऊ केलंत. मी ते खाल्लं.

एवढे सात महिने मी काय करत होतो? तेच इंजिन शिकवत होतो. वर्ग संपला की त्यावर नंदाने शिवलेला अभ्रा घालत होतो. नंदाला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. फक्त म्हणाली, “कुंकू माझ्या करंड्यातलं होतं.” त्यानंतर दोन दिवस ती कुंकवाचं बोट कपाळापर्यंत न्यायची आणि तसंच खाली आणायची.

मंगळवारी काळुरामला हो म्हटलं आणि गुरुवारी मी मानपाड्याला गेलो. बांधाबांधाने चाललो, भात कधीचं कापून झालेलं, पायाखाली वाळकी धसकटं. गुणाजी ओटीवर बसला होता. त्याच्यासमोर कुडाला टेकून एक आडवं लाकूड बांधलेलं, त्याला जुन्या हँडलचा तुकडा. तो डाव्या हाताने ते धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. मला बघून उठला. “मास्तर, तुमी? शेवंते, पानी आन.” मी विचारलं, हे काय करतोस? तो ओशाळला. त्याची बायको शेवंती तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, “रोज हाच धंदा. अंगठा हितं व्हता का तितं व्हता. लोक येतान त्यांनाबी धरून दाखवतो. येडा झायलाय.” गुणाजी म्हणाला, “तशी नाय मास्तर. कागदान लिवलंय मी अंगठा गुंडालला. मी तं कंदी गुंडालला नाय. पन त्या दिशी कसा धरलेला ता आता मनाच आठवत नाय. आदी आठवायचा. कागद वाचून वाचून गेला.”

मी बोललो. बसलोही नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. खळी, कुंकू, सव्वीस वह्या, खडवलीचा पाना. वाटेत मी जुळवलेली वाक्यं कुठेतरी धसकटांत पडली होती. गुणाजी ऐकत होता आणि त्याचा डावा हात ते हँडल धरून होता. ओटीखाली कोंबडी चोच मारत होती. मग तो म्हणाला, “म्हंजे माझा बराबर व्हता? दिवा आदी लागायचा ता?” मी म्हटलं, “बरोबर होतं. सव्वीस जणांत तुला एकट्याला दिसलं.” मला वाटलं तो मारेल. मारावं असं वाटलं. तो हसायला लागला, हळूहळू, खांदे हलवत, आणि त्या हसण्यात मला बसायला कुठेच जागा नव्हती. “बापूस म्हनायचा, तुझा मास्तर अंगठ्याबहाद्दर हाय. मी भांडलो त्याच्याशी.”

मी म्हटलं, माझी जागा घे, मी सोडतो. हात नसला तरी शिकवता येतं. त्याचं हसू थांबलं. “मना तुमची खुर्ची नको मास्तर. माझा दाखला माझा व्हता, तो कनाला घेतला?” शेवंती उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “माफी मागाला आलात तं झाली मागून. आता जा. बोललेला गावान कोन ऐकनार? त्यांनी कागदाव लिवलाय, तुमी बी कागदाव लिवा.”

म्हणून हा कागद. काल वर्गात मी सगळ्यांना ते वाक्य खोडायला लावलं आणि का ते सांगितलं. काळुरामने वही मिटली आणि विचारलं, “मंग आमी आता तुमचा काय काय खोडायचा?” जुन्या सव्वीस जणांपैकी ज्यांचे पत्ते हरिहरकडे होते त्या एकोणीस जणांना मी पत्रं टाकली आहेत. गुणाजी सोडून उरलेले सहा कुठल्या कुठल्या गिरण्यांत, विहिरींवर कुठलं इंजिन उघडून बसले असतील, मला माहीत नाही. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेताना त्या सहा जणांचे हात डोळ्यांसमोर येतात. तोंडं आठवत नाहीत, हातच येतात.

तुम्ही म्हणाल, धाकोजी, झालं गेलं, मंडळाचं नाव जाईल. जाऊ द्या. तुम्ही हरिहरला पाठवून मला समजावाल. तो माझ्या घरी आला तर नंदा त्याला चहा देईल आणि मी हेच पुन्हा वाचून दाखवीन. याच्या चार प्रती काढल्या आहेत. एक ही तुमची, एक माझ्याजवळ, एक गिरणीमालकाला दिली, एक शेवंतीला. तिने ती पदराला हात पुसून घेतली आणि गुणाजीकडून वाचून घेईन म्हणाली.

आता एवढं सांगा. गुणाजीने माझं ऐकलं म्हणून त्याचा दाखला तुम्ही रद्द केलात, तो परत कोणत्या तारखेला देता? आणि माझं काय? माझ्याकडे दाखला नाही, कधीच नव्हता. कुणी मला शिकवलं नाही, कुणी तपासलं नाही. तुम्ही मला तसाच ठेवलात, कारण मी स्वस्तात पडलो आणि सही काही न विचारता केली. रद्द करायला माझ्याजवळ कागद नाही. मग माझं काय रद्द करणार आहात, साहेब? लेखी कळवा.